चार ओळींचा नकार : मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरती विभागांना खुले पत्र

प्रति,
मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे भरती विभाग आणि त्यांच्या वतीने मुलाखती घेणारे सर्व इंजिनिअर,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याहून लिहिते आहे. गेल्या महिन्यात तुमच्यापैकी एका कंपनीचा मेल इथल्या एका मुलीला आला. चार ओळींचा. तुम्ही दिलेल्या वेळेबद्दल आभार, या जागेसाठी इतर उमेदवार अधिक योग्य वाटले, एक वर्षानंतर पुन्हा अर्ज करू शकता, पुढील वाटचालीस शुभेच्छा. खाली बारीक अक्षरात सूचना होती, या पत्त्यावर उत्तर पाठवू नये. शेवटची फेरी होऊन तेव्हा ४१ दिवस झाले होते. कापसाचा शेवटचा वेचा चालू होता आणि ती वावरात होती. त्यांच्या वावरात धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं तरच रेंज येते. तिथे उभं राहून तिने तो मेल वाचला आणि परत ओळीत जाऊन कापूस वेचायला लागली.

संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे आले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी आले नाहीत. म्हणाले, "ताई, पोरीनं दीड वर्ष अभ्यास केला. नाही म्हणाले त म्हणू द्या. पण काहून नाही म्हणाले, हे सांगतलं का तिले कोणी?"

मला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न तुमचा आहे, म्हणून तुमच्याकडे पाठवते आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही. तो मेल तुमच्यापैकी कोणाचाही असू शकला असता. माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे गेल्या तीन वर्षांतले असे मेल मी वाचले आहेत, नावं वेगळी असली तरी मजकूर जवळजवळ तोच असतो.

माझा या गोष्टीशी संबंध काय, तेही सांगते. मी विदर्भातल्याच एका कॉलेजातून इंजिनिअर झाले, पुण्यात आठ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी केली. २०२१ मध्ये बाबांना अर्धांगवायू झाला आणि मी घरी परत आले. आता एका लहान कंपनीचं काम घरून करते आणि मुख्य रस्त्यावर कृषी केंद्राच्या वरच्या दोन खोल्यांत अभ्यासिका चालवते. २६ खुर्च्या, इन्व्हर्टर, फायबरचं नेट आणि पाण्याचा जार, एवढंच सामान. बहुतेक मुलं एमपीएससी, तलाठी, पोलीस भरतीची. पाच-सहा जण कोडिंगवाले. ही मुलगी त्यातली एक.

तिच्या ऑनलाइन परीक्षेचा दिवस मी डोळ्यांनी पाहिला आहे. रविवार होता, सकाळी अकराची वेळ, ९० मिनिटं, तीन प्रश्न. तुमच्या अटी अशा होत्या : कॅमेरा आणि माइक पूर्ण वेळ चालू, खोलीत दुसरं कोणी नको, दुसरा आवाज नको, नजर पडद्यावरून हलली तर नोंद होईल. तिच्या घरी दोन खोल्या आणि पाच माणसं, त्यामुळे परीक्षा अभ्यासिकेतच द्यायची ठरली. बाकीच्या मुलांना मी दोन तास बाहेर बसायची विनंती केली. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर पुस्तकं घेऊन ती उन्हात बसली. त्यांच्यातल्या एकाची मुख्य परीक्षा अकरा दिवसांवर होती, तोही काही बोलला नाही.

अकरा वीसला घंटागाडी आली, भोंगा लावून. पडद्यावर लाल पट्टी आली, दुसरा आवाज आढळला. अकरा चाळीसला लाइन गेली. आमचा इन्व्हर्टर चालू होता, पण फायबरचा डबा ज्या दुकानात आहे तिथे इन्व्हर्टर नाही, त्यामुळे नेट गेलं. मी दारात उभी होते. आत जाता येत नव्हतं, कारण कॅमेऱ्यात दुसरा चेहरा दिसला असता तर परीक्षा तिथेच संपली असती. माझ्या फोनचं हॉटस्पॉट लावलं आणि फोन फरशीवरून तिच्या पायापर्यंत सरकवला. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर परत पडद्याकडे नेली, कारण बाजूला पाहिल्याचीही नोंद होणार होती. या सगळ्यात सात मिनिटं गेली. तुमचं घड्याळ थांबलं नाही. तिसरा प्रश्न अर्धवट राहिला.

हीच माझी पहिली तक्रार. ही परीक्षा कोड लिहिता येतो का हे तपासते, पण त्याआधी ती आणखी चार गोष्टी तपासते : स्वतंत्र खोली, न जाणारी वीज, न तुटणारं नेट आणि गप्प गल्ली. पुण्यात, हैदराबादेत कित्येकांकडे या असतात. दारव्ह्यात, दिग्रसमध्ये, घाटंजीत त्या जमवाव्या लागतात, आणि जमवूनही ऐन वेळी साथ देतील याचा भरवसा नसतो. पावसाळ्यात डीपी जळाली तर आठ-आठ दिवस अंधार असतो. ज्या मुलीने सात मिनिटं गेल्यावरही तीनपैकी दोन प्रश्न सोडवले, तिच्याबद्दल तुमच्या यंत्राने नोंद काय केली असेल? संशयास्पद आवाज, जोडणी खंडित, नजर विचलित. ती नोंद कोणी माणसाने उघडून पाहिली का, हे तिला कधी कळलं नाही.

तरी ती पुढे गेली. मग तीन फेऱ्या झाल्या, त्याही दोन वेळा पुढे ढकलून. एकदा तर मुलाखत सुरू व्हायला दहा मिनिटं असताना. त्या दिवशीची तिची मजुरी बुडाली होती. ते तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही, पण आता माहीत असू द्या.

दुसऱ्या फेरीत तिला एक प्रसिद्ध प्रश्न आला. एका रांगेत वेगवेगळ्या उंचीच्या भिंती आहेत, पाऊस पडला तर त्यांच्यामध्ये एकूण किती पाणी साठेल? हा प्रश्न तिने दोन महिने आधी अभ्यासिकेतल्या एका बारावीच्या मुलाला समजावून सांगितला होता. मी शेजारीच होते. तिने भिंती घेतल्याच नाहीत, धुरे घेतले. म्हणाली, "कोण्याही जागी उभा राह्य. डाव्या अंगाचा सगळ्यात उंच धुरा पाह्य, उजव्या अंगाचा सगळ्यात उंच धुरा पाह्य. त्या दोघायतला जो बुटका, पाणी तिथलोकच चढते. त्याच्यातून आपल्या जागेची उंची वजा कर, झालं." मग वहीवर दोन्ही टोकांना बोटं ठेवली आणि ज्या बाजूचा धुरा बुटका त्या बाजूचं बोट आत सरकवत नेलं. एका फेरीत सगळा हिशोब. तुम्ही ज्याला सर्वांत चांगलं उत्तर म्हणता, ते हेच. ज्याने दरवर्षी पावसाळ्यात धुरे फुटताना पाहिलेत त्याला हा प्रश्न तुमच्या पुस्तकांपेक्षा जास्त कळतो, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मुलाखतीत मात्र ती अडकली. समोरच्याचा कॅमेरा बंद होता. फक्त आवाज येत होता आणि तो आवाज दर मिनिटाला सांगत होता, विचार मोठ्याने बोलून दाखवा, इंग्रजीत. ती नंतर मला म्हणाली, "ताई, उत्तर समोर दिसत होतं. बोलताच नाही आलं. माह्या डोक्यात त मराठीच चालते नं."

ही दुसरी तक्रार, आणि मला सगळ्यात जास्त लागलेली. कोणाच्या नजरेखाली, परक्या भाषेत, सतत बोलत राहून कोडं सोडवणं ही एक वेगळीच कला आहे. तिचा इंजिनिअरच्या रोजच्या कामाशी फार थोडा संबंध आहे. मी आठ वर्षं ऑफिसात काम केलं, एकदाही कोणी माझ्या खांद्यामागे उभं राहून ४५ मिनिटांचं घड्याळ लावलं नाही. अडलं तर मी उठून चहा घेऊन यायचे, शेजारच्याला विचारायचे, रात्री झोपताना उत्तर सुचायचं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाने मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांबरोबर केलेला एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संगणकशास्त्राच्या ४८ विद्यार्थ्यांना फळ्यावर प्रश्न सोडवायला दिला. काहींना खोलीत एकटं सोडलं, काहींना परीक्षकासमोर उभं करून मोठ्याने बोलायला लावलं. नजरेखाली असलेल्यांची कामगिरी निम्म्याहूनही खाली आली. त्यातल्या मुली थोड्याच होत्या, पण एकटीने सोडवणाऱ्या सगळ्या मुलींचं उत्तर बरोबर आलं आणि परीक्षकासमोरच्या एकीचंही आलं नाही. प्रश्न दोन्हीकडे एकच होता. हे संशोधन तुमच्याच क्षेत्रातल्या मंडळींनी केलेलं आहे.

आता तिच्या कामाबद्दल सांगते, कारण तुमच्या तीन फेऱ्यांत त्याबद्दल एकही प्रश्न विचारला गेला नाही.

कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो, एकेका बाईचं गाठोडं टांगलं जातं, मुकादम वहीत वजन लिहितो आणि आठवड्याने हिशोब होतो. वही भिजते, हरवते, वजनं चुकतात, भांडणं होतात. या मुलीने त्यासाठी फोनवर चालणारं एक ॲप बनवलं. वजन घातलं की नोंद फोनमध्येच राहते, रेंज आली की वर जाते, आणि बाईच्या मुलाच्या किंवा नवऱ्याच्या फोनवर त्या दिवसाचं वजन आणि मजुरी मराठीत दिसते. पहिल्या हंगामात एक गंभीर चूक निघाली. रेंज मध्येच तुटली की फोनला वाटायचं नोंद गेलीच नाही, तो पुन्हा पाठवायचा, आणि एका बाईच्या नावावर तेच गाठोडं दोनदा चढायचं. मुकादम चिडला, बायांनाही वाटलं की यात काहीतरी लबाडी आहे. तिने दोन रात्री बसून ते दुरुस्त केलं. काट्यावर वजन घालताच त्या नोंदीला फोन स्वतःच एक न बदलणारा क्रमांक देतो. मग ती नोंद दहा वेळा पाठवली गेली तरी सर्व्हर क्रमांक पाहतो आणि एकदाच धरतो.

तुमच्यातला कोणताही जाणता इंजिनिअर हे वाचून ओळखेल की पैसे पाठवणाऱ्या मोठमोठ्या यंत्रणांमध्ये हाच प्रश्न असतो आणि त्याचं उत्तरही हेच असतं. तिने ते कोणत्या कोर्समध्ये वाचलं नव्हतं. गाठोडं दोनदा चढलं म्हणून तिला ते सापडलं. या हंगामात तीन गावांतले मुकादम ते ॲप वापरत होते. अर्जात तिने याबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या. त्या ओळी कोणी वाचल्या असत्या तर पहिल्या दहा मिनिटांत तिची पारख झाली असती. तुम्ही तिला पाण्याच्या भिंती विचारल्या.

मी हे फक्त बाहेरून बघून लिहीत नाही. पुण्यात शेवटची तीन वर्षं मीसुद्धा मुलाखती घेत होते. मुलाखत कशी घ्यायची हे मला कोणी कधी शिकवलं नाही. कॅलेंडरवर निमंत्रण यायचं, मी सकाळी एक प्रश्न शोधायचे, त्याचं उत्तर वाचून ठेवायचे आणि दुपारी समोरच्या मुलाला तो विचारायचे. एकदा बुलढाण्याकडचा एक मुलगा आला होता. हळू बोलायचा, प्रत्येक वाक्याआधी थांबायचा. त्याचा कोड बरोबर होता. मी शेऱ्यात लिहिलं, संवादकौशल्य कमी. त्याला नाकारलं गेलं. त्याच्या बोलण्यातला तो थांबा मला ओळखीचा होता, माझ्या वडिलांच्या बोलण्यात तो आहे, आणि तरी मी ते लिहिलं. आज तो मुलगा कुठे आहे मला माहीत नाही. त्याची मी या पत्रातून माफी मागते.

मुलाखत घेणाऱ्यांना शिकवत नाहीत, प्रत्येकजण मनाला येईल तो प्रश्न विचारतो आणि मनाला येईल तो शेरा मारतो, ही माझी तिसरी तक्रार. यावर उपाय काय हेही जुनंच ठाऊक आहे. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी नोकरभरतीवरच्या ८५ वर्षांच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला. त्यात प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं आणि सगळ्यांना ठरलेले तेच प्रश्न ठरलेल्या निकषांवर विचारणं, या गोष्टी वरच्या रांगेत आल्या, मोकळ्या गप्पांसारखी मुलाखत त्यांच्या खाली राहिली. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले. आकडे कमी झाले, पण ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत सगळ्यात वर राहिली आणि मोकळी मुलाखत आणखी खाली गेली. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लास्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की विमानात गोल्फचे चेंडू किती मावतील अशी कोडी म्हणजे वेळेचा निव्वळ अपव्यय आहे. त्याच कंपनीने स्वतःच्या भरतीचा हिशोब मांडला तेव्हा चार मुलाखतींत ८६ टक्के खात्रीने निर्णय घेता येतो आणि पाचवीपासून पुढे फारसं काही हाती लागत नाही, असं दिसलं होतं. आणि २०१५ मध्ये मॅक संगणकावर इतर सॉफ्टवेअर बसवून देणारं होमब्रू हे साधन बनवणाऱ्या मॅक्स हॉवेल यांना तिथेच नकार मिळाला. त्या कंपनीतले असंख्य इंजिनिअर त्यांचंच साधन रोज वापरत होते. त्यांनी स्वतः लिहिलं की फळ्यावर बायनरी ट्री (माहितीची झाडासारखी मांडणी) उलटं करता आलं नाही म्हणून. एवढ्या कामाच्या माणसाचं काम तुम्हाला दिसलं नाही, तर दारव्ह्याच्या मुलीचं कसं दिसावं?

तयारीच्या खर्चाबद्दल थोडक्यातच लिहिते. लीटकोडसारख्या कोडिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर कोणती कंपनी सध्या कोणते प्रश्न विचारते याची यादी असते, पण ती पैसे भरणाऱ्यालाच दिसते. सरावाच्या मुलाखती विकत मिळतात. दीड वर्ष कमाई न करता दिवसाला सहा तास सराव करणं तर सगळ्यात महाग. ज्याला ते परवडतं तो तुमच्या चाळणीतून जातो आणि तुम्ही त्याला गुणवत्ता म्हणता.

आता चौथी तक्रार, म्हणजे त्या चार ओळी.

माझ्या अभ्यासिकेत तिच्या शेजारच्या खुर्चीवर एमपीएससीवाला बसतो. त्या आयोगाबद्दल आमच्या मुलांच्या तक्रारी कमी नाहीत, वेळापत्रकावरून तर रोज चर्चा असते. तरी पूर्वपरीक्षा झाली की उत्तरतालिका लागते. एखादं उत्तर चुकीचं वाटलं तर पुरावा जोडून हरकत घेता येते. अंतिम तालिका येते, गुण कळतात, कट-ऑफ कळतो. मुलगा सांगू शकतो की मी अडीच गुणांनी राहिलो. घरी सांगू शकतो, स्वतःला सांगू शकतो, पुढच्या वर्षी कुठे लक्ष द्यायचं ते ठरवू शकतो. आणि यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येते, मुलाखतही मराठीतून देता येते. म्हणजे आमच्या गावातला मुलगा मराठीत मुलाखत देऊन जिल्हाधिकारी होऊ शकतो, पण एका रांगेत पाणी किती साठतं हे तुम्हाला मराठीत सांगू शकत नाही.

सरकारी आयोग लाखो उमेदवारांना गुण कळवतो, मग जगाला माहिती शोधून देणाऱ्या कंपन्यांना एका मुलीला तिचे गुण कळवणं जड का जावं? कारण लिहिलं तर कोर्टकचेरी होईल, असं उत्तर मला एकदा तुमच्यातल्याच एका ओळखीच्या माणसाने दिलं होतं. पण कायदा असला की उमेदवाराला कळवता येतं. न्यूयॉर्क शहरात जुलै २०२३ पासून तसा कायदा अमलात आहे. भरतीत आपोआप निर्णय देणारं साधन वापरायचं तर त्यात पक्षपात आहे का याची दरवर्षी स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवाराला तसं आधी कळवावं लागतं. तिथे तुम्ही पाळताच ना? आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आहे. आपली कोणती माहिती घेतली, तिचं काय केलं, हे विचारायचा आणि तक्रार करायचा हक्क त्यात माणसाला दिला आहे. या मुलीचा ९० मिनिटांचा चेहरा, आवाज आणि तिच्या नजरेची नोंद तुमच्याकडे आहे. तिच्याकडे चार ओळी आहेत.

शेवटची तक्रार अजून घडायची आहे, म्हणून आधीच लिहिते. मुलाखतीत चोरून एआयची मदत घेणारे वाढले म्हणून तुम्ही पुन्हा समोरासमोरच्या फेऱ्यांकडे वळता आहात. गूगलच्या सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितलं की किमान एक फेरी प्रत्यक्ष घेतली जाईल. तुमची अडचण मला कळते. खोटेपणा करणाऱ्याने प्रामाणिक मुलाची जागा घेऊ नये, हे आम्हालाही हवं आहे. आणि समोर बसलेला माणूस कॅमेरा बंद ठेवू शकत नाही, हा तर आमचा फायदाच. पण ही फेरी बंगळुरूत किंवा हैदराबादेत ठेवली तर इथून मुलगी आधी एसटीने यवतमाळ गाठणार, तिथून धामणगाव किंवा नागपूर, मग रेल्वे, मग परक्या शहरात मुक्काम. बरोबर वडील किंवा भाऊ येणार. तिकिटाचे पैसे नंतर परत मिळतील, असं तुम्ही लिहिता. नंतर मिळणारे पैसे आधी कुठून आणायचे, हे लिहीत नाही. इथे ते कापूस विकला जाईपर्यंत नसतात.

लाखो अर्ज येतात, चाळणी लावावीच लागते, हे मला मान्य आहे. आम्ही सवलत मागत नाही. गुण वाढवून मागत नाही, राखीव जागा मागत नाही. ज्याला काम येत नाही त्याला घेऊ नका. काम येतं की नाही ते मात्र काम पाहून ठरवा. त्यासाठी आमच्या मागण्या अशा :

एक, नाकारताना कारण द्या. कोणत्या फेरीत, कोणत्या निकषावर, किती गुण, एवढं तरी लिहा. शेवटच्या फेरीनंतर १५ दिवसांत द्या, आणि उलट उत्तर देता येईल अशा पत्त्यावरून द्या.

दोन, ऑनलाइन परीक्षेत वीज किंवा नेट गेलं तर घड्याळ थांबवा किंवा पुन्हा एक संधी द्या. यंत्राने संशय घेतला म्हणून कोणाला बाद करण्याआधी ती नोंद एका माणसाने पाहावी आणि उमेदवाराचं म्हणणं ऐकावं.

तीन, किमान एक फेरी उमेदवाराने स्वतः केलेल्या कामावर ठेवा. ज्याच्याकडे दाखवायला काम नाही त्याला चालू कोड द्या, त्यातली चूक शोधायला, त्यात भर घालायला सांगा. हे काम दोन-तीन तासांहून मोठं असेल तर त्याचे पैसे द्या.

चार, कोड आणि त्यातल्या टिपा इंग्रजीतच असू द्या, पण विचार बोलून दाखवायची मुभा मराठीत, हिंदीत, ज्याच्या त्याच्या भाषेत द्या. तुमच्याकडे मराठी इंजिनिअर भरपूर आहेत, त्यांच्यातल्या एकाला त्या फेरीला बसवा.

पाच, फेऱ्या चारच्या वर नेऊ नका, आणि किती, कशाच्या, कधी हे अर्जाच्या वेळीच जाहीर करा.

सहा, प्रत्यक्ष फेरी नागपुरात घ्या. व्हीएनआयटी, ट्रिपलआयटी ही इंजिनिअरिंगची कॉलेजं आहेत, मिहान या औद्योगिक क्षेत्रात मोठ्या कंपन्यांची कार्यालयं आहेत. जागा मिळत नाही असं होणार नाही. लांब बोलवायचंच असेल तर तिकीट तुम्ही काढून पाठवा.

सात, तुमच्याकडे पाच वर्षं उत्तम काम करणाऱ्या इंजिनिअरांना एकदा तयारी न करता हीच परीक्षा द्यायला लावा. निकाल आम्हाला सांगू नका, स्वतः पाहा.

यातल्या पहिल्या मागणीला पैसे लागत नाहीत, नवं तंत्र लागत नाही. शेरे तुमच्याकडे लिहिलेलेच असतात. तिच्यापासून सुरुवात करा.

त्या मुलीची पुढची परीक्षा, दुसऱ्या एका कंपनीची, येत्या रविवारी अकरा वाजता आहे. मुलांना मी सांगून ठेवलं आहे, पायऱ्यांवर यंदा सावलीसाठी ताडपत्री बांधणार आहोत. फायबरच्या डब्यासाठी त्या दुकानात एक लहान बॅटरी बसवून घेतली. घंटागाडीवाल्या दादांशीही बोलले, ते म्हणाले, "त्या गल्लीत भोंगा बंद ठेवतो ताई, पोरीले सांगा आरामात लिही." आमच्या बाजूने करण्यासारखं होतं ते झालं आहे.

तिच्या वडिलांना अजून उत्तर द्यायचं आहे. ते तुमच्याकडून येईल याची वाट पाहते.

आपली,
दारव्ह्यातली एक अभ्यासिका चालवणारी, एकेकाळी तुमच्याच बाजूला बसून मुलाखती घेतलेली इंजिनिअर